स्वमग्न (ऑटिस्टिक) लेकराचं दिव्यांग प्रमाणपत्र कसं काढायचं: मराठवाड्यातल्या आईबापांसाठी

पहिल्यांदा बोर्डासमोर, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या मंडळासमोर, गेलो तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. आदल्या रात्री त्याचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. सकाळी डोक्याला तेल लावून भांग पाडला. रडू नये म्हणून त्याची आवडती बाटलीची झाकणं हातात दिली. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "हातानं जेवतो का?" मी म्हणाले, "हो, जेवतो की." "नाव सांगतो?" "सांगतो." "कुणाच्या अंगावर जातो का?" "नाही हो मॅडम, शांत आहे." पाहुण्यारावळ्यांत, लग्नकार्यात, अंगणवाडीत चार वर्षं मी हेच बोलत आले होते. लेकराची बाजू सावरून घ्यायची सवय अंगात मुरली होती, ती त्या खोलीतही सुटली नाही. चाचणीच्या गुणांची बेरीज ६६ आली. त्या मोजपट्टीवर ७० च्या खाली म्हणजे स्वमग्नता नाही. दुपारच्या एस.टी.नं आम्ही रिकाम्या हातानं गावी परतलो.

खरं काय होतं? तो जेवत होता, पण फक्त दहीभात आणि तोही एका ठरावीक स्टीलच्या वाटीत. ती वाटी सापडली नाही तर संध्याकाळपर्यंत उपाशी. नाव सांगत होता, पण कुणी विचारल्यावर नव्हे. रात्री दोन वाजता, भिंतीकडे बघून. आणि त्या दिवशी शांत बसला तो हातात झाकणं होती म्हणून. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की स्वतःच्या मनगटाला चावून घ्यायचा. यातलं एक वाक्यसुद्धा मी बोलले नाही.

दीड वर्षानं पुन्हा गेलो तेव्हा पिशवीत दोनशे पानी वही होती. बेरीज ११२ आली. लेकरू तेच होतं, उलट थोडं सुधारलेलं. अर्जाच्या सगळ्या पायऱ्या पुढं सांगतेच, पण जास्त जागा त्या वहीला देणार आहे. बाकीचं सेतू केंद्रावर कुणीही सांगेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लेकराचं नाव कोणत्या प्रकारात बसतं

सगळ्याचं मूळ दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात आहे. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. आपल्या कामाचे प्रकार म्हणजे स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचणं-लिहिणं अडणं, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे यात येतं), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचाली अवघड होणं), आणि यातले दोन-तीन एकत्र असतील तर बहुविकलांगता. पूर्वी 'मतिमंद' म्हणायचे त्यालाच आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. जुन्या फॉर्मवर जुना शब्द दिसला तर गोंधळू नका.

एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागणं, हा या २१ मध्ये वेगळा प्रकार नाही. पुष्कळ पालक फक्त एडीएचडीची चिठ्ठी घेऊन बोर्डापर्यंत जातात आणि तिथून परत येतात. त्या चिठ्ठीवर दिव्यांगत्वाचे टक्के मिळत नाहीत. पण अशा कित्येक मुलांना सोबत वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता असते आणि तिची तपासणीच झालेली नसते. आधी ती करून घ्या.

वयाचाही हिशोब आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्याशिवाय मिळत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाचा सर्वांगीण विकास मागे असेल तर 'विकासातील विलंब' असं निदान लिहून तात्पुरतं प्रमाणपत्र देतात आणि पुढं पुन्हा तपासतात. तात्पुरतं आहे म्हणून ते काढायचं टाळू नका.

महत्त्वाचा आकडा ४०. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच बहुतेक योजना लागू होतात. दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड, चाळीसच्या खालीही मिळतं, ते पांढऱ्या रंगाचं. चाळीसपासून पुढं पिवळं आणि ऐंशीपासून निळं.

निदान कुठं करून घ्यायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. 'डॉक्टर येणार आहेत, हा गोंधळ घालेल' असं म्हणून आम्ही दोनदा ठेवलं आणि दोन्ही वेळा संधी गेली. पथकाच्या चिठ्ठीवर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथं बालरोगतज्ज्ञ, वाचा उपचार, फिजिओथेरपी अशी एकत्र सोय करायची योजना आहे आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे.

जिल्ह्यात मानसशास्त्रज्ञ मिळत नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण, लातूरची विलासराव देशमुख संस्था. बालरोग आणि मनोविकार या दोन्ही विभागांत केसपेपर काढा. खासगी डॉक्टरांचा अहवाल असेल तर तोही जपा. प्रमाणपत्र त्यावर मिळत नाही, ते सरकारने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्यानंच द्यायचं असतं. पण तीन-चार वर्षांपूर्वीची तारीख असलेला एखादा खासगी कागद 'हे आजचं नाही, लहानपणापासूनचं आहे' हे सांगायला फार कामी येतो.

आमच्या घरीही अंगारे-धुपारे झाले, नवस झाले. कुणाला बोल लावत नाही, घाबरलेलं घर हात लागेल ते धरतं. फक्त एवढंच सांगते की ते करायचं असेल तर करा, पण दवाखान्याचा केसपेपर त्याच आठवड्यात काढा.

वही

स्वमग्नतेचं प्रमाण ठरवायला आपल्याकडे 'आयएसएए' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० प्रश्न असतात. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज ४० ते २०० च्या दरम्यान. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढं तीव्र. गुण कसे देतात हे समजलं की सगळं उलगडतं. एखादी गोष्ट मूल क्वचित करतं की नेहमी करतं, त्यावर १ की ५ हे ठरतं. म्हणजे 'करतो का?' या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' हे उत्तरच अपुरं आहे. 'किती वेळा?' याचं उत्तर हवं, आणि ते चाचणीच्या टेबलावर, मूल पळत असताना, मागं रांग उभी असताना आठवत नाही.

म्हणून वही. बोर्डाच्या तारखेआधी किमान पंधरा दिवस, जमलं तर महिना. मोजपट्टीत सहा विभाग आहेत, त्यांच्या नावानं वहीत सहा पानं दुमडून ठेवा.

पहिलं, माणसांशी वागणं. हाक मारल्यावर बघतो का? दहा वेळा हाक मारा आणि किती वेळा वळला ते लिहा. आमची नोंद होती: 'दहापैकी दोनदा. पाठीमागून मारली तर एकदाही नाही. बिस्किटाचा पुडा वाजवला तर लगेच.' ही शेवटची ओळ मला लिहायची नव्हती, वाटलं कान चांगले आहेत हे कळलं तर नुकसान होईल. उलट मॅडमनी तीच ओळ पेन्सिलीनं खूण करून ठेवली. ऐकू येतं पण माणसाच्या आवाजाला प्रतिसाद नाही, हेच तर त्यांना बघायचं होतं. चांगलं-वाईट निवडत बसू नका, जे आहे ते लिहा.

दुसरं, भावना. कारण नसताना हसणं, रडणं, भीती कशाची वाटते आणि कशाची वाटायला हवी ती वाटत नाही. आमचा बैलाच्या पायात जाऊन बसायचा, विहिरीच्या कठड्यावर चालायचा. कुकरच्या शिट्टीला मात्र घरातून पळून जायचा.

तिसरं, बोलणं. एकूण शब्द किती, तेही यादी करून. स्वतःहून मागण्यासाठी किती वापरतो? टीव्हीवरची जाहिरात तोंडपाठ म्हणणं हे बोलण्यात धरू नका, वेगळं लिहा. पाणी हवं असलं की हात धरून माठापाशी नेतो, असं असेल तर तसंच लिहा.

चौथं, वागण्याची पद्धत: हात फडफडवणं, गोल फिरणं, वस्तू रांगेत लावणं, ठरलेल्या रस्त्यानं न गेल्यास रस्त्यावर आडवं पडणं. इथं मिनिटं लिहा. 'सकाळी ७ ते ७.४० चपला रांगेत लावल्या, उचलल्यावर ५० मिनिटं रडला.' घड्याळ बघून लिहिलेली अशी एक ओळ 'हट्टी आहे' या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

पाचवं, आवाज, स्पर्श, वास, चव. सहावं, लक्ष आणि समज, म्हणजे एका कामात किती वेळ टिकतो, उत्तर द्यायला किती वेळ लावतो, आणि एखादी गोष्ट विलक्षण चांगली येत असेल तर तीही. आमच्याला एस.टी.च्या गाड्यांचे नंबर पाठ असतात.

यात रोजच्या कामांची एक वेगळी नोंद जोडा. अंघोळ, संडास, कपडे, जेवण, दात घासणं. प्रत्येक काम स्वतः करतो, सांगितल्यावर करतो, हात धरून करवावं लागतं, की आपणच करतो? बौद्धिक अक्षमतेच्या मुलाची सामाजिक परिपक्वता मोजताना नेमकी हीच माहिती विचारतात. तुलना त्याच्या वयाच्या शेजारच्या मुलाशी करा, कालच्या त्याच्याशी नको. कालच्यापेक्षा आज बरा आहे हे तुमच्या काळजाला कळतं, पण मोजपट्टी वय बघते.

वही लिहायचं काम एकट्या आईवर टाकू नका. दिवसा शेतात जाणाऱ्या घरात लेकराजवळ आजी असते. माझ्या सासूबाईंना लिहिता येत नाही. त्या हरभऱ्याचे दाणे वाटीत टाकायच्या, एकदा चावून घेतलं की एक दाणा. संध्याकाळी मी मोजून आकडा लिहायचे. शाळेच्या गुरुजींकडून अर्धं पान लिहून घ्या, शिक्का मारून: वर्गात बसतो का, डबा खातो का, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो. मोबाईलमध्ये एकेका मिनिटाचे चार-पाच व्हिडिओ ठेवा. बोर्डाच्या दिवशी मूल बुजून गप्प राहिलं तर तेच दाखवायचे.

सगळ्या नोंदींचं एका पानावर टिपण काढा. दोनशे पानं वाचायला कुणाला वेळ नसतो, एक पान मात्र वाचतात. वही पुढ्यात ठेवायची ती 'शंका असेल तर बघा' म्हणून.

वाढवून लिहू नका. खोट्या माहितीवर दिव्यांगांच्या सवलती घेणं हा याच कायद्याच्या कलम ९१ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि बोगस प्रमाणपत्रांमुळं खऱ्या लेकरांकडे संशयानं बघितलं जातं, हे आपण रोज भोगतो.

कागद जुळवताना

लागणारे कागद थोडेच आहेत: मुलाचं आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, राहण्याच्या पत्त्याचा पुरावा, चालू मोबाईल नंबर, जन्माचा दाखला, आणि दवाखान्याचे सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावलेले. अडचण कागद नसण्यापेक्षा नावं न जुळण्याची येते. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर घरचं लाडाचं नाव, शाळेत तिसरंच; आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. हे आधी दुरुस्त करा. प्रमाणपत्रावर चुकीचं नाव छापून आलं तर पुढं बँक, तहसील आणि शाळा तिन्ही ठिकाणी अडतं.

आधारचे बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्यानं द्यावे लागतात. स्वमग्न मुलाचा हात मशीनवर धरून ठेवणं किती अवघड असतं ते आपल्यालाच माहीत. केंद्र उघडल्या उघडल्या, गर्दी नसताना जा आणि घरी आठ दिवस मोबाईलच्या काचेवर चार बोटं टेकवण्याचा खेळ खेळा. आमचं तिसऱ्या खेपेला जमलं.

मोबाईल नंबर स्वतःचा द्या. सेतूवाल्याचा किंवा दुकानदाराचा दिला की ओटीपीसाठी प्रत्येक वेळी त्याच्या दारात उभं राहावं लागतं.

अर्ज

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांगांचं ओळखपत्र, दोन्हींचा अर्ज एकच आहे. तो स्वावलंबन कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. फी नाही. मोबाईलवर स्वतः भरता येतो. नाहीतर सेतू किंवा आपले सरकार केंद्रात भरून मिळतो, तिथं त्यांची सेवेची रक्कम द्यावी लागते. 'टक्के वाढवून देतो' म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्याशी बोलणंच बंद करा.

भरताना तीन जागी सावध राहा. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना निदानाच्या कागदावर आहे तोच निवडा. स्वमग्नतेसोबत बौद्धिक अक्षमताही लिहिलेली असेल तर दोन्ही नोंदवा. पालक म्हणून ज्याचं नाव टाकाल त्याचंच पुढं बँक खात्यात मुलाबरोबर नाव राहील असं बघा. आणि रुग्णालय निवडताना आधी चौकशी करा की तिथं मानसिक व बौद्धिक प्रकाराची तपासणी होते का. हाडांचे, डोळ्यांचे, कानाचे डॉक्टर असतात पण मनोविकारतज्ज्ञ नसतात अशी उपजिल्हा रुग्णालयं आहेत. चुकीचं निवडलं तर फक्त खेपा होतात.

अर्ज पूर्ण झाला की नोंदणी क्रमांक येतो. पावती छापून घ्या आणि क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगते. दिवाळीच्या आगेमागे बीड-जालन्याकडून गाड्या निघाल्या की फाल्गुन-चैत्रापर्यंत घराला कुलूप असतं, आणि बोर्डाची तारीख नेमकी त्यात येते. म्हणून अर्ज मृगात, पेरणीच्या आधी भरून टाका. २०२४ च्या सुधारित नियमांत प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली आहे. जूनमध्ये अर्ज पडला तर गाडी निघायच्या आत काम होण्याची आशा आहे. अर्जावर दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर तो बाद होऊन पुन्हा भरावा लागतो, हेही त्याच नियमांत आहे. पुढच्या हंगामावर ढकलत राहू नका.

बोर्डाचा दिवस

बोर्ड रोज बसत नाही. वार ठरलेले असतात, आणि चाचणी घेणारे मानसशास्त्रज्ञ कधी वेगळ्याच वारी येतात. आमच्या वेळी चाचणी एका दिवशी आणि बोर्ड पुढच्या आठवड्यात, अशा दोन खेपा झाल्या. निघायच्या आदल्या दिवशी रुग्णालयात फोन करून 'उद्या मानसिक प्रकाराचे डॉक्टर आहेत ना?' एवढं विचाराच.

पहाटेची पहिली गाडी धरण्यापेक्षा शक्य असेल तर आदल्या रात्री त्या शहरात नातेवाइकांकडे मुक्काम करा. सोबत दोन मोठी माणसं हवीत, एक रांगेत आणि एक लेकराजवळ बाहेर झाडाखाली. नंबर आला की फोन करून बोलवायचं. डबा घरचाच घ्या, वाटीसुद्धा घरचीच. जास्तीचे कपडे, कानावर लावायचं काहीतरी, आवडीची वस्तू. ती वस्तू चाचणीच्या आधी पाच मिनिटं काढून घ्यायची की नाही, यावर मी फार विचार केला. शेवटी काढून घेतली नाही. मॅडमना सरळ सांगितलं, "हे हातात आहे म्हणून शांत आहे. नसलं तर काय होतं त्याचा व्हिडिओ आहे." लेकराला मुद्दाम रडवून दाखवायची गरज नाही.

नटवून नेऊ नका, आणि मुद्दाम गबाळंही नेऊ नका.

प्रश्नांची उत्तरं देताना 'येतं' या शब्दाच्या पुढं नेहमी 'कसं' जोडा. "जेवतो, पण…" "बोलतो, पण…" हे 'पण' गिळू नका. नवरा-बायकोनं आदल्या रात्री एकदा टिपण वाचून एकमत करून जा. आमच्या पहिल्या खेपेला मी 'शब्द वीस' म्हणाले आणि यांनी 'पन्नास-साठ असतील' सांगितलं. लेकराची कमतरता अनोळखी माणसांसमोर मोजून सांगताना घसा दाटतो. दाटू द्या, थांबून पुन्हा सांगा. तुम्ही त्याची निंदा करत नाही आहात, त्याच्यासाठी साक्ष देत आहात.

निकाल आल्यावर

प्रमाणपत्र आणि कार्ड संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं, छापील कार्ड टपालानं येतं. हातात आलं की नाव, जन्मतारीख, प्रकार, टक्के आणि मुदत या पाच गोष्टी लगेच तपासा. मुलांना बहुतेक वेळा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. ती तारीख संपायच्या सहा महिने आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करा, कारण मुदत संपलेल्या कार्डावर महिन्याचं सरकारी अनुदान थांबू शकतं.

टक्के पटले नाहीत किंवा अर्ज नाकारला तर निर्णयापासून ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. नाकारल्याचं कारण लेखी मागा. आम्हाला पहिल्या वेळी अपिलाचं माहीतच नव्हतं, म्हणून दीड वर्ष गेलं.

कार्ड घेऊन आधी कुठं जायचं

तहसील. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये मिळतात, त्याआधी १,५०० होते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, राज्यात १५ वर्षांचा रहिवास, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. अज्ञान मुलासाठी अर्ज पालकानं करायचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. अर्ज तालुक्याच्या समितीपुढं जातो, त्यामुळं पोचपावतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. 'खातं आधारला जोडलेलं आहे का' हे बँकेत विचारून घ्या, नुसतं आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडलं असं होत नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो विसरला की रक्कम अडते.

मग निरामय आरोग्य विमा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही. नोंदणीला दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५० आणि इतरांना ५०० रुपये. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ३१ मार्चला वर्ष संपतं. वाचा उपचारासारख्या थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो, पण आधी आपण भरायचा आणि मग बिलं लावून मागायचा. पावती न देणाऱ्या थेरपिस्टकडून पावती मागायला लाजू नका. माझ्या मते ही सर्वांत कमी पालकांना माहीत असलेली आणि सर्वांत कामाची योजना आहे. उत्पन्न जास्त म्हणून संजय गांधीत न बसणाऱ्यांनाही ती मिळते.

शाळेचं काम याच महिन्यात उरका. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेनं 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही' म्हणणं कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) राखीव २५ टक्के जागांत दिव्यांग मूल वंचित घटकात येतं आणि उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांच्या यादीत लेकराचं नाव घाला, कारण मदतनीस भत्ता, वाहतूक भत्ता, मुलींना महिना २०० रुपये विद्यावेतन, शाळेत जाऊच न शकणाऱ्या मुलाला घरी शिकवायला येणं, हे सगळं त्या यादीवरून ठरतं. नववी-दहावीत केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. दहावीच्या परीक्षेला दर तासाला २० मिनिटं जास्त वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो: लातूर, नांदेड, धाराशिवचा लातूरला आणि बाकी पाच जिल्ह्यांचा छत्रपती संभाजीनगरला. नववीतच मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

एस.टी.च्या साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. थेरपीसाठी आठवड्याला जाणाऱ्यांना याचा मोठा आधार होतो. बौद्धिक अक्षमतेच्या मुलाला रेल्वेतही सोबत्यासह सवलत मिळते, त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसेवकाला अर्ज द्या आणि ग्रामसभेत विषय मांडा. एकट्यानं मांडायला जड जातं. आमच्या गावात चार घरं एकत्र गेलो तेव्हा पहिल्यांदा यादी झाली.

नोकरदार पालकांना व्यवसाय कर माफ होऊ शकतो, वर्षाला २,५०० रुपये. आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५ हजारांची वजावट आहे, ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. नव्या पद्धतीत ती नाही, म्हणून पद्धत निवडण्याआधी हिशोब करून बघा.

अठरा पूर्ण होताना

आईबाप असलो तरी मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं आपण आपोआप त्याचे पालक राहत नाही. बँक व्यवहार, जमिनीतला वाटा, विम्याचे पैसे, सगळीकडे सही कुणाची हा प्रश्न येतो. राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांतल्या मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिथं अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. आपल्यानंतर कोण, हेही त्या वेळी घरात बोलावं लागेल. माझ्या मुलाला अजून सात वर्षं आहेत. त्याच्या थोरल्या बहिणीनं परवा ती वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात त्याच्या औषधांची नावं आणि वाटीचा रंग लिहून ठेवला.